ओल्ड फेथफुल गायझर आणि त्याचे उद्रेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गायझर म्हणजे अधूनमधून उकळते पाणी आणि वाफ जोराने हवेत उडवणारे जमिनीतील मुख. यलोस्टोन पाहायला निघालेले, तेथून नुकतेच परतलेले आणि घरबसल्या कॅमेऱ्याचे थेट प्रक्षेपण पाहणारे मराठी वाचक ओल्ड फेथफुलविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न असून अपवादांचे आणि अडचणीचे प्रश्न पुढे येतात. एकच मुद्दा दोनदा सांगावा लागू नये म्हणून जेथे गरज पडली तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओल्ड फेथफुल नेमका कोठे आहे आणि त्याला हे नाव कोणी दिले?

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग वायोमिंग राज्यात असून त्याच्या कडा माँटाना आणि आयडाहो या राज्यांत शिरल्या आहेत. ओल्ड फेथफुल वायोमिंगच्या भागात, फायरहोल नदीकाठच्या ‘अपर गायझर बेसिन’मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. सप्टेंबर १८७० मध्ये वॉशबर्न यांच्या नेतृत्वाखालील शोधमोहीम येथे पोहोचली. आजूबाजूच्या इतर गायझरांच्या मानाने हा एक गायझर बऱ्याच नियमितपणे उडतो, हे पाहून त्या मंडळींनी त्याला ‘विश्वासू’ ठरवले आणि ते नाव कायम राहिले. पुढे १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोनला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जगातील सक्रिय गायझरांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५०० पेक्षा जास्त गायझर, या एकाच उद्यानात आहेत.

२. आमच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा रत्नागिरीतल्या उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. मग तेही गायझरच ना?

नाही. तो गरम पाण्याचा झरा झाला. गायझर होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : खाली भरपूर उष्णता, वरून सतत झिरपणारे पाणी आणि मजबूत पण कोठेतरी आवळलेली अशी खडकातील नळी. कोकणातील कुंडांना पाणी आहे आणि उष्णताही आहे, परंतु ती उष्णता ज्वालामुखीच्या शिलारसाची नाही. जमिनीतील भेगांमधून पाणी खोलवर उतरते, तेथील नैसर्गिक उष्णतेने तापते आणि वर येते. पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्याचे तापमान साधारण ४० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते, म्हणजे ते उत्कलनबिंदूच्या बरेच खाली असते.

यलोस्टोनमध्ये काही किलोमीटर खाली शिलारसाचा साठा आहे. तिसरी अटही तेथे पूर्ण होते, कारण तेथील रायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकातून गरम पाणी सिलिका (वाळू-गारगोटीतले खनिज) विरघळवून आणते आणि नळ्यांच्या आतल्या बाजूला तिचा कठीण थर देते. त्यामुळे भेगा बुजतात आणि नळी दाब सहन करण्याजोगी होते. जगात गायझर इतके दुर्मीळ असण्याचे खरे कारण या तिसऱ्या अटीत आहे. उष्णता आणि पाणी पुष्कळ ठिकाणी सापडते.

३. पाणी एवढ्या जोराने वर कसे उडते?

पाण्यावरचा दाब वाढला की त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो, हे येथील मूळ सूत्र आहे. ओल्ड फेथफुलच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्यावरचे पाणी सुमारे ९३ अंशांना उकळते. मात्र नळीत दहा मीटर खाली असलेल्या पाण्यावर वरच्या पाण्याचे वजन असते आणि ते उकळायला सुमारे ११५ अंश लागतात. म्हणून खालचे पाणी शंभरच्या पुढे तापूनही पाणीच राहते. पुढे वाफेचे बुडबुडे नळीत चढू लागले की वरचे थोडे पाणी उसळून बाहेर सांडते, तेवढ्याने खालचा दाब उतरतो आणि आतापर्यंत दाबामुळे न उकळलेले पाणी एकाएकी वाफ होऊ लागते. वाफेचे आकारमान पाण्याच्या शेकडो पट असल्यामुळे ती वरचे पाणी ढकलून देते. त्यामुळे दाब आणखी उतरतो आणि आणखी पाणी वाफ होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४६ मध्ये आइसलँडमधील गायझरात वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजून हे स्पष्टीकरण मांडले. त्याचा गाभा आजही मान्य आहे.

या ठिकाणी प्रेशर कुकरची उपमा सर्रास दिली जाते. ती अर्धीच लागू पडते, कारण गायझराला झाकण नसते आणि पाण्याचा स्तंभच झाकणाचे काम करतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी दोन उद्रेकांच्या मधल्या वेळेत ओल्ड फेथफुलच्या नळीत उष्णतारोधक आवरणातला छोटा व्हिडिओ कॅमेरा सोडला होता. सुमारे सात मीटर खोलीवर ही नळी एके ठिकाणी अवघी ११ सेंटीमीटर रुंद असल्याचे त्यात दिसले. म्हणजे प्रत्येक उद्रेकात बाहेर येणारे हजारो लिटर पाणी एका वितीहूनही अरुंद फटीतून येते. पुढे २०१५ मध्ये गायझराभोवती भूकंपमापकांचे जाळे पसरून केलेल्या अभ्यासातून, त्याला पाणी पुरवणारा सुमारे २०० मीटर रुंदीचा सच्छिद्र, भेगाळलेला जलसाठा जमिनीखाली असल्याचे आढळले.

४. तो दर तासाला ठोक्यावर उडतो, हे खरे का?

खरे नाही आणि पूर्वीही नव्हते. सध्या दोन उद्रेकांमधील अंतर साधारणपणे ६० ते ११० मिनिटांच्या दरम्यान असते आणि बहुतेक वेळा ते दीड तासाच्या आसपास भरते. घड्याळ आणि ओल्ड फेथफुल यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. आज तो दहा वाजता उडाला म्हणून उद्या दहाला उडेल, असे समजून सहलीचे वेळापत्रक आखू नये. येथे नियमितपणा आहे तो एका उद्रेकाचा पुढच्या उद्रेकाशी असलेल्या नात्यात, आणि तो पुढच्या प्रश्नात स्पष्ट केला आहे.

५. मग उद्यानाचे रेंजर पुढची वेळ कशी सांगतात?

उद्रेक किती वेळ चालला, यावरून. ओल्ड फेथफुलचा उद्रेक दीड ते पाच मिनिटे चालतो. तो अडीच मिनिटांपेक्षा कमी चालला, तर पुढचा उद्रेक साधारण तासाभरानंतर, म्हणजे ६० ते ६५ मिनिटांच्या सुमारास होतो. त्याहून जास्त चालला, तर सुमारे ९० मिनिटे किंवा थोडी अधिक वाट पाहावी लागते. या हिशेबाने काढलेली वेळ दहा मिनिटे मागेपुढे धरून सांगितली जाते आणि सुमारे नव्वद टक्के वेळा ती बरोबर येते. माहिती केंद्रातील फलकावर, उद्यानाच्या संकेतस्थळावर आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अ‍ॅपवर ती पाहता येते.

या पद्धतीतून दोन गोष्टी ओघाने येतात. एक म्हणजे एका वेळी फक्त पुढच्याच उद्रेकाची वेळ सांगता येते. ‘दुपारी चारच्या सुमाराला कधी आहे?’ असे सकाळी नऊ वाजता विचारले, तर प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच असते. दुसरे म्हणजे अंदाजासाठी आधीचा उद्रेक कोणीतरी पाहिलेला असावा लागतो किंवा त्याची नोंद उपकरणाने केलेली असावी लागते. उद्रेकाचे पाणी वाहून जाते त्या ओघळात तापमान टिपणारी छोटी उपकरणे ठेवलेली असतात. गरम पाण्याची लाट आली की उद्रेकाची नोंद होते.

हा हिशेब प्रेक्षकालाही करता येतो. पाण्याचा स्तंभ सलग चढू लागला की मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करावे आणि पाणी संपून नुसती वाफ उरली की थांबवावे. आधीच्या किरकोळ उसळ्या यात धरायच्या नाहीत (प्रश्न ७ पाहा).

६. लहान उद्रेकानंतर पुढचा लवकर का येतो? उलट व्हायला हवे, असे वाटते.

लहान उद्रेकात नळी आणि तिला लागून असलेल्या पोकळ्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत. तापलेले पाणी बऱ्याच प्रमाणात आतच राहते, त्यामुळे भरायचे पाणी कमी आणि तापवायचे पाणीही कमी. मोठ्या उद्रेकानंतर मात्र जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका उद्रेकात सुमारे १४,००० ते ३२,००० लिटर पाणी बाहेर पडते. या दोन आकड्यांतील तफावत पाहिली की पुन्हा भरण्याच्या वेळेतील फरक लक्षात येतो.

अलीकडच्या वर्षांत लहान उद्रेकांचे प्रमाण बरेच घटले आहे. त्यामुळे आता तासाभराने पुन्हा उडेल, अशी आशा धरण्यापेक्षा दीड तास गृहीत धरणे शहाणपणाचे.

७. फलकावरची वेळ झाली, थोडे पाणी उसळले आणि पुन्हा सगळे शांत झाले. आम्ही निघून आलो. तो उद्रेक होता का?

बहुधा नाही, ती त्याची पूर्वतयारी होती. मुख्य उद्रेकाआधी पाणी काही वेळा एकदोन मीटर उसळते, कधी त्याहून वर जाते आणि पुन्हा आत ओढले जाते. अशी एक उसळी येऊन लगेच उद्रेक होतो, किंवा अनेक उसळ्या येत राहून त्यात वीसेक मिनिटे निघून जातात. प्रत्येक उसळीला अर्धवर्तुळात मांडलेल्या बाकांवरून शेकडो मोबाइल वर जातात, मुले ओरडतात, मग हात खाली येतात आणि कोणीतरी ‘एवढेच का?’ असे विचारतेच. खरी सुरुवात ओळखायची खूण अशी की उसळलेले पाणी खाली यायच्या आतच त्याच्या खालून दुसरे पाणी चढते, मग तिसरे, आणि काही सेकंदांत स्तंभ पूर्ण उंची गाठतो. खरा उद्रेक पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

सांगितलेल्या वेळेच्या किमान वीस मिनिटे आधी पोहोचावे आणि ती वेळ उलटून गेल्यावरही वीस मिनिटे थांबण्याची तयारी ठेवावी. दहापैकी एक अंदाज चुकतो, हे धरूनच पुढचे बेत ठरवावेत.

८. तो किती उंच उडतो? आमच्या फोटोत तर निम्माच दिसतो.

नोंदलेली उंची १०६ ते १८४ फूट, म्हणजे सुमारे ३२ ते ५६ मीटर आहे आणि सरासरी सुमारे १३० फूट धरतात. सर्वाधिक उंची उद्रेकाच्या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात गाठली जाते. पुढे स्तंभ हळूहळू खाली येतो. फोटोत तो लहान दिसण्याची कारणे दोन : बाक मुखापासून बऱ्याच अंतरावर आहेत आणि शेजारी तुलना करायला काही नसते. थंड हवेत वाफ इतकी दाट होते की पाण्याचा स्तंभ तिच्यात हरवून जातो. वारा असेल तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाईल अशा जागी बसावे. नदीपलीकडच्या टेकडीवर ‘ऑब्झर्व्हेशन पॉइंट’ नावाची जागा आहे. थोडा चढ चढण्याची तयारी असेल, तर गर्दीत बसण्यापेक्षा तेथून पाहणे आम्हाला अधिक पसंत आहे.

९. तो रात्री उडतो का? हिवाळ्यात बंद असतो का? की एखाद्या यंत्राने चालवतात?

यंत्र वगैरे काहीही नाही. तेथील रेंजरांना हा प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून येथेही घेतला. गायझर दिवसरात्र, बाराही महिने चालू असतो. रात्री फक्त अंदाज जाहीर होत नाहीत. चांदण्या रात्री बाकांवर बसून तो पाहता येतो, मात्र वेळेचा भरवसा नसतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत तेथे जाणारे रस्ते सर्वसामान्य वाहनांना बंद असतात आणि ऐन हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या परवानाधारक वाहनांनीच तेथे पोहोचता येते.

१०. जुन्या पुस्तकात ६५ मिनिटे लिहिले आहे, तुम्ही ९० म्हणता. यातले खरे कोणते?

दोन्ही, आपापल्या काळापुरते. १९३० च्या दशकात सरासरी अंतर ६५-६७ मिनिटांच्या आसपास होते. १७ ऑगस्ट १९५९ रोजी उद्यानाच्या पश्चिमेस हेबगेन लेक येथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यानंतर हे अंतर वाढले. ऑक्टोबर १९८३ मध्ये आयडाहोतील बोरा पीक भूकंपानंतर ते पुन्हा वाढले. भूकंपाच्या हादऱ्यांनी खडकातील भेगा उघडतात किंवा बुजतात, पाण्याच्या वाटा बदलतात आणि नळी भरण्याचा वेग बदलतो. हे धक्के जवळचेच असावे लागतात, असेही नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अलास्कातील डेनाली येथे झालेल्या ७.९ तीव्रतेच्या भूकंपानंतर, तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या यलोस्टोनमधील काही गायझरांचे वागणे बदलले होते.

म्हणून गायझराच्या कोणत्याही सरासरीसोबत वर्ष लिहिलेले असावे. वर्ष न देता दिलेला आकडा आम्ही तरी विश्वासार्ह मानत नाही.

११. तो कधी पूर्ण बंद पडला होता का?

होय. ओल्ड फेथफुलच्या मुखाभोवतीच्या उंचवट्यात सिलिकेने दगडासारखी झालेली लाकडे सापडली आहेत. गायझर उडत असताना तेथे झाड वाढणे शक्य नाही. उकळते, क्षारयुक्त पाणी रोपाला टिकूच देणार नाही. म्हणजे ती झाडे उगवली आणि वाढली, तेव्हा गायझर गप्प होता. या लाकडांचे किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने केलेले कालमापन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती झाडे तेराव्या-चौदाव्या शतकांतील निघाली. त्या काळात त्या प्रदेशात दीर्घ आणि तीव्र दुष्काळ पडल्याचे इतर पुराव्यांवरून माहीत आहे. झिरपणारे पाणी आटल्यामुळे गायझर काही दशके थांबला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. प्रश्न २ मधील तीन अटींपैकी पाण्याची अट मोडली की काय होते, त्याचा हा पुरावाच आहे. भविष्यात तसाच दीर्घ दुष्काळ पडला तर अंतर वाढेल, कदाचित उद्रेक थांबतीलही.

१२. म्हणजे पावसाळी दिवशी तो जास्त उडतो का?

नाही. आज पडलेला पाऊस आज उद्रेकात येत नाही; ते पाणी जमिनीखाली दीर्घकाळ प्रवास करून येते. पर्जन्यमानाचा परिणाम दिसतो तो वर्षानुवर्षांच्या हिशेबात. हवेचे तापमान आणि वारा यांचा ओल्ड फेथफुलवर परिणाम आढळलेला नाही. जवळच असलेल्या डेझी गायझरवर मात्र तो होतो, कारण त्याचे पाणी उघड्या कुंडात साठते आणि थंड वाऱ्याने निवते. एका गायझराचा नियम दुसऱ्याला लावू नये, तो याचसाठी.

१३. उद्रेक उशिरा झाला, तर तो यलोस्टोनचा महाज्वालामुखी जागा होण्याचा इशारा असतो का?

समाजमाध्यमांवरच्या संदेशांमुळे हा प्रश्न ठरावीक काळाने येतोच. उत्तर ‘नाही’ असे आहे. गायझराची नळी मोजून वीसेक मीटर खोलीपर्यंत तपासलेली आहे आणि शिलारस काही किलोमीटर खाली आहे. अंतरातील बदल हे नळी, पाणी आणि भेगा यांचे बदल असतात. यलोस्टोनमधील शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी झाला. ज्वालामुखीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि वायू यांची मोजमापे पाहते; ओल्ड फेथफुलला दहा मिनिटे उशीर झाला म्हणून कोणी धोक्याचा इशारा देत नाही.

१४. साबण टाकला की गायझर लगेच उडतो, असे ऐकले. खरे आहे का?

काही गायझरांच्या बाबतीत खरे आहे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडे लवकर तयार होतात आणि उद्रेक सुरू होतो. न्यूझीलंडमधील वायोटापू येथे लेडी नॉक्स नावाचा गायझर रोज सकाळी सव्वादहाला पर्यटकांसमोर साबण टाकून उडवला जातो. यलोस्टोनमध्ये मात्र साबणच काय, कोणतीही वस्तू टाकणे बेकायदेशीर आहे आणि त्याला सबळ कारण आहे. तेथील ‘मॉर्निंग ग्लोरी’ कुंडात लोकांनी वर्षानुवर्षे नाणी आणि कचरा टाकला. त्याने गरम पाण्याची वाट अडली, कुंड निवले आणि त्याचा मूळचा निळा रंग कडांकडून पिवळट-केशरी होत गेला. आपल्याकडे नदीत, कुंडात नाणे टाकण्याची सवय असल्यामुळे हे मुद्दाम लिहिले आहे. मुलांच्या हातातली नाणी आधीच काढून घ्यावीत.

जुन्या काळी लोकांनी ओल्ड फेथफुलमध्ये कपडेही धुतले आहेत. १८८२ मध्ये अमेरिकी लष्करातील जनरल शेरिडन यांच्या माणसांनी केलेल्या धुलाईत सुती कपडे शाबूत निघाले आणि लोकरीचे फाटून चिंध्या झाल्या, अशी हकिकत तेव्हाच्या एका प्रवासी पुस्तिकेत आहे.

१५. चांगल्या फोटोसाठी फळ्यांच्या पायवाटेवरून चार पावले उतरले तर काय बिघडते?

जमीन फुटते. सिलिकेचा कडक दिसणारा पांढुरका थर कित्येक ठिकाणी अगदी पातळ असतो आणि त्याखाली उकळते पाणी असते. या उद्यानात उष्ण पाण्यामुळे आजवर वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. त्यांत मुलेही आहेत आणि स्वतःहून पायवाट सोडून गेलेली प्रौढ माणसेही आहेत. याला अपवाद नाही.

१६. यलोस्टोनमधला सर्वांत उंच गायझर ओल्ड फेथफुलच ना?

नाही. नॉरिस भागातील स्टीमबोट हा जगातील सक्रिय गायझरांपैकी सर्वांत उंच उडणारा आहे. त्याचे मोठे उद्रेक ३०० फुटांच्या वर जातात. परंतु त्याचा अंदाज कोणालाही देता येत नाही. १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षे तो गप्प होता. मार्च २०१८ मध्ये तो पुन्हा जागा झाला, त्या वर्षी ३२ वेळा उडाला, २०१९ आणि २०२० मध्ये प्रत्येकी ४८ वेळा, आणि त्यानंतर त्याचे उद्रेक घटत गेले.

अंदाज देता येणाऱ्यांमध्ये सर्वांत उंच आहे तो ग्रँड गायझर. तो ओल्ड फेथफुलपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि २०० फुटांपर्यंत उडतो. त्याची वेळ ओल्ड फेथफुलपेक्षा बऱ्याच मोठ्या फरकाने सांगितली जाते, त्यामुळे बसून राहावे लागते. फायरहोल नदीवर तिरका फवारा सोडणारा रिव्हरसाइडही त्याच पायवाटेवर आहे. हाताशी अर्धा दिवस असेल, तर ओल्ड फेथफुल एकदाच पाहावा आणि उरलेला वेळ या दोघांना द्यावा, असा आमचा सल्ला आहे.

१७. राजापूरची गंगाही अचानक प्रकट होते आणि काही काळाने जाते. मग ती गायझर का नाही?

हा प्रश्न कोकणातून येतो आणि तो चांगला आहे. राजापूरजवळ उन्हाळे येथील चौदा कुंडांमध्ये साधारण तीन वर्षांनी पाणी येते, काही आठवडे ते महिने वाहते आणि नाहीसे होते. हा कालावधी काटेकोर नसतो. अधूनमधून वाहणे एवढेच गायझराशी असलेले साम्य. गायझरात पाणी वाफेच्या जोराने फेकले जाते, तर गंगेचे पाणी उकळत नसते आणि फवारा उडत नसून ते कुंडांत शांतपणे भरते. वक्रनलिकेसारखी नैसर्गिक रचना जमिनीखाली असावी, तिच्यात पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की वाहू लागते आणि पातळी उतरली की थांबते, असे स्पष्टीकरण यासाठी सहसा दिले जाते. भूशास्त्राच्या परिभाषेत असा झरा ‘अधूनमधून वाहणारा झरा’ ठरतो. जवळच उन्हाळ्याचे जे गरम पाण्याचे कुंड आहे, त्याला मात्र प्रश्न २ चे उत्तर लागू होते.